कोबा शिकवणारे मामा

बांधकामाचं काम शिकवणाऱ्या आमच्या केंद्रात मामांना सगळेच मामा म्हणत, पण त्यांची खरी भाची एकच. ती शिकायला आली, तिच्या तोंडून ते नाव बाहेर पडलं आणि शिपायापासून केंद्रप्रमुखांपर्यंत सगळ्यांनी उचललं. "मामा म्हणा, फक्त मामा बनवू नका," असं ते सगळ्यांना सांगायचे.

मूळचे ते कोबा करणारे गवंडी. तीस वर्षं लोकांच्या जमिनी घोटून गुळगुळीत केल्या आणि कंबर बोलायला लागल्यावर केंद्रात शिकवायला आले. मागे पत्र्याची शेड होती. तिथे ते पोरापोरींकडून काँक्रीट कालवून घ्यायचे, ओतून घ्यायचे, थापीने सारखं करून घ्यायचे. मी पुढच्या इमारतीत, संगणकाच्या खोलीत. पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे, ते आधीच सांगून टाकतो.

एआयचा प्रोग्राम केंद्रात मी आणला. ओल्या काँक्रीटचा फोटो दाखवला की पाणी जास्त झालंय की कमी, ते तो सांगायचा. डोळ्यांवर चष्मा चढवला की खोलीतच अर्धवट बांधलेली इमारत उभी राहायची, आणि तिथून पडलं तरी कुणाला लागायचं नाही. मला वाटलं होतं, मामा नाक मुरडतील. ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी आपल्याच कामाचा फोटो त्याला दाखवला. मोरीकडचा ढाळ उलटा पडलाय, असं उत्तर आलं. मामा शेडमध्ये गेले, बादलीभर पाणी ओतून पाहिलं आणि हसत परत आले. "खरं बोलतोय लेकाचा."

मग आम्ही दोघांनीच ठरवलं, सकाळ माझी आणि दुपार त्यांची. सकाळी चुका पडद्यावर करायच्या, दुपारी हाताने. ते वर्ष फार चांगलं गेलं.

पुढच्या वर्षी केंद्रप्रमुखांनी शेड बंद केली. प्रोग्रामवर सहा महिन्यांचं शिक्षण तीन महिन्यांत होतं, मग दुपार कशाला, असं त्यांचं म्हणणं. मामांना काढलं नाही. प्रोग्राम विचारेल त्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि तो चुकला तर सांगायचं, एवढंच काम त्यांना दिलं. मामा हो म्हणाले. मीही गप्प बसलो. खरं सांगायचं तर त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच पंख्याखाली खुर्ची मिळाली होती. त्यांनी चारशेच्या वर प्रश्नांची उत्तरं दिली, एकही टाळला नाही.

भाची शिकायला आली ती याच तुकडीत, आणि पहिली आली. मामांनी तिचं प्रमाणपत्र दिवसभर हातात घेऊन मिरवलं.

नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी तिला एका गोदामाच्या जमिनीवर लावलं. मधलं काम यंत्राने केलं, कडा आणि कोपरे हिच्याकडे. सहा तास ती ओल्या काँक्रीटमध्ये गुडघे टेकून होती. गुडघ्यांना जाड पट्ट्या बांधल्या होत्या, त्यांच्या आत सिमेंटचं पाणी शिरलं आणि तिथेच अडकून राहिलं. ओलं सिमेंट कातडी जाळतं, पण जळताना ते कळत नाही. संध्याकाळी पट्ट्या सोडल्या तेव्हा कातडी काळी पडली होती.

दुसऱ्या दिवशी मी मामांबरोबर इस्पितळात गेलो. त्यांची बहीण, म्हणजे तिची आई, दाराशीच बसली होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "शिकवायला तू तिथेच होतास ना रे?" मामा आत भाचीच्या खाटेपाशी गेले.

भाची म्हणाली, "ओलं सिमेंट लागलं तर काय करायचं, तो प्रश्न मला आला होता, मामा. उत्तरही बरोबर दिलं होतं मी. पण दुखतच नव्हतं, तर धुवायचं कशाला सुचणार?"

बाहेर आल्यावर मामा जिन्यातच बसले. शेडमध्ये दर तासाला ते पाण्याचा पाइप घेऊन रांगेतून फिरायचे. उठा, पट्ट्या सोडा, गुडघे धुवा. पोरं कुरकुरायची तरी सोडायचे नाहीत. "हे मी त्याला सांगितलंच नाही," ते म्हणाले. "त्याने विचारलं नाही, आणि खुर्चीत बसून मला आठवलं नाही."

भाचीच्या मांडीची कातडी काढून गुडघ्यांवर लावली. जखमा भरल्या, पण गुडघे पुरते वाकेनात. आता ती एका नळ-फरशीच्या दुकानात उभ्याने काम करते.

मामांनी केंद्रप्रमुखांकडे शेड परत मागितली. एवढा मवाळ माणूस, पण त्या दिवशी हटला नाही. दुपार पुन्हा सुरू झाली. मी वही घेऊन शेडमध्ये बसायचो, आणि विचारल्यावर त्यांना आठवल्या नसत्या अशा ज्या गोष्टी त्यांचे हात करत होते, त्या लिहून प्रोग्राममध्ये घालायचो. त्यानंतर आमच्याकडचं कुणी तसं भाजलं नाही. मामांना ते सांगितलं की ते नुसते "बरं" म्हणत.

एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांनी भाचीला बोलावलं. कमरेएवढ्या उंच लाकडी टेबलावर साचा ठोकून त्यांनी काँक्रीट ओतून ठेवलं होतं. तिने थापी घेतली. दहा मिनिटांत असा हात फिरवला की मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या सगळ्यांत तिचाच हात हलका होता.

"अशी टेबलं करू आपण," मामा म्हणाले. "तू इथे शिकवायला ये."

तिने थापी धुतली, पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

"मामा, जमीन कमरेच्या उंचीवर नसते रे."

रागाने नाही, समजूत घातल्यासारखं म्हणाली. मग दुकानाची वेळ झाली म्हणून सावकाश पाय टाकत निघाली. मामा तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. परत आले तेव्हा टेबलावरचं काँक्रीट आवळून घट्ट व्हायला लागलं होतं. आम्ही दोघांनीही त्याला हात लावला नाही.