व्याह्यांच्या डावासाठी कमी केलेला वेग

गेल्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी डोंबिवलीच्या आमच्या घरातल्या कॉम्प्युटरच्या नेटचा वेग जाणूनबुजून कमी केला. कारण बुद्धिबळ.

वडील दर रविवारी सकाळी बाळकुमला राहणाऱ्या व्याह्यांशी, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासऱ्यांशी, ऑनलाइन डाव खेळत. डाव रंगात आला की आमचं नेट जाई. वडिलांचं घड्याळ चालूच राही, वेळ संपे आणि व्याही जिंकत. मग त्यांचा फोन येई.

“काय व्याहीबुवा, मात दिसली की वायर काढता काय?”

“नाही हो, नेट गेलं.”

“माझं कसं कधी जात नाही?”

वडील हसत. मुलीच्या सासऱ्यांना उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. फोन ठेवल्यावर मात्र ते लाकडी पट मांडून तोच डाव पुढे खेळून दाखवत आणि बऱ्याचदा जिंकत. प्रेक्षक आई आणि मी. नातवाच्या वाढदिवसाला व्याह्यांनी भर पंगतीत वायरचा विषय काढला, तेव्हा वडिलांनी दुसऱ्यांदा बासुंदी घेतली नाही.

दोष वायरचाच होता, पण भिंतीतल्या. राउटरपासून येणारी केबल नव्या कपाटांच्या मागून गेली होती. सुताराच्या स्क्रूने तिच्या आठ तारांपैकी एक-दोन दुखावल्या होत्या. पूर्ण वेगाला आठही तारा लागतात, शंभर एमबीपीएसला चार पुरतात. आमचं नेटवर्क कार्ड पूर्ण वेग धरायला जाई आणि तोंडघशी पडे. मी त्याच्या ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग ‘ऑटो’वरून शंभरावर बांधला. वडील खुर्चीमागे उभं राहून पाहत होते.

“सगळ्यात वेगवान प्लॅन घेतला आणि तू तो कमी करतोस?”

“कमी केला तरच टिकेल.”

“चालेल. मला प्यादंच तर सरकवायचंय.”

नेट टिकलं. वडील जिंकले. पुढच्या रविवारी जिंकले, त्याच्या पुढच्याही. व्याह्यांचे फोन बंद झाले. बहिणीचा आला. आईने तो स्पीकरवर टाकला.

“दादा, बाबांच्या नेटला काय केलंस रे? इथे रविवारी कोणी कोणाशी बोलत नाही. भाजी खारट, मी ऐकायचं. चहा गार, मी ऐकायचं. काल सासूबाई विचारत होत्या, तुझे बाबा असे किती दिवस जिंकणार आहेत?”

“मग काय मुद्दाम हरू?” वडील म्हणाले.

“ते त्यांना लगेच कळतं, बाबा. प्रयत्नसुद्धा करू नका.”

पुढच्या रविवारी वडिलांकडे एक हत्ती जास्त होता. ते वजीर सरकवणार तेवढ्यात नेट गेलं. थोड्या वेळाने फोन वाजला.

“काय व्याहीबुवा, पुन्हा वायर?”

“नेट गेलं हो,” वडील म्हणाले आणि हसले.

दुपारी बहिणीचा मेसेज आला. सासरे स्वतः जाऊन सगळ्यांसाठी श्रीखंड घेऊन आले होते.

संध्याकाळी मी ड्रायव्हर उघडून पाहिला. वेग ‘ऑटो’वर होता. ती सेटिंग कुठे असते हे घरात फक्त वडिलांना आणि मला माहीत होतं. मी ती बदललेली नव्हती.