जहाजातली हाळी

घाटंजीजवळच्या एका गावात मी मास्तरीण होते, तेव्हाची गोष्ट. शाळा चौथीपर्यंतच. पुढं शिकायचं तर यवतमाळला बोर्डिंगात राहायचं. मुलगे कधीमधी जायचे, मुलींचं नाव कुणी काढत नसे. पण त्या वर्षी मी हट्टाला पेटले होते, कारण चौथीत एक मुलगी होती. शेजारच्या बंजारा तांड्यावरची, तिथल्या नायकाची नात. घरी गोरबोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, आणि तिन्ही भाषांत भांडायला पटाईत. अशी पोरगी चौथीनंतर गोवऱ्या थापत बसणार, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं.

नायक म्हणजे तांड्याचे प्रमुख. नात त्यांना दादा म्हणायची. त्यांच्याकडे मी इतक्या खेपा घातल्या की त्यांची कुत्री माझ्यावर भुंकायची बंद झाली. नायक मात्र बधेनात.

"बाई, पोरगी घर सोडून कधी राह्यली नाही. तिकडं रडली त?"

"नाही रडणार."

"तुमाले काय मालूम?"

शेवटी त्यांनीच तोड काढली. दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला भावाकडे जाणार होते. नातीला मी सोबत न्यावं. आईवाचून ती सुट्टीभर न रडता राहिली, तर बोर्डिंग. एकदा जरी रडली, तर मी पुन्हा शाळेचं नाव काढायचं नाही. मी मागचापुढचा विचार न करता हो म्हणून मोकळी झाले. तेव्हा नायक म्हणाले, "मी बी येतो. पाहाले कोनी पायजे ना!"

म्हणजे परीक्षा घेणारे तेच आणि तपासणारेही तेच. वर माझ्या वर्गातले दोन पोट्टे समुद्र पाहायचा म्हणून मागे लागले होते, त्यांनाही घेतलं. अशी आमची वरात एसटीनं निघाली.

धामणगावच्या स्टेशनात नायकांनी पहिला दणका दिला. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरायचे. तांडा चालताना नायकानं पुढून 'होऽऽ' अशी लांब हाळी द्यायची आणि मागच्या प्रत्येकानं ओ द्यायची. कुणाची ओ आली नाही की तांडा जागच्या जागी थांबायचा. आता बैल गेले, मीठ गेलं, तांड्यात कापूस पिकू लागला, पण नायकांची हाळी काही सुटली नव्हती. भरल्या फलाटावर, मुंडासं सावरत, गळ्याच्या शिरा ताणून त्यांनी ती दिली. नातीनं ओ दिली. पोट्ट्यांना तर मजाच वाटली. मग नायक माझ्याकडे बघत उभे राहिले.

"बाई, तुमी?"

"मी इथंच आहे की, तुमच्या पुढ्यात!"

"ओ द्या लागते."

दिली बाई. सगळा फलाट बघत होता. माझ्या माहेरी बायका खिडकीतूनसुद्धा मोठ्यानं बोलत नसत.

गाडी सुटली तशी नायकांनी परीक्षा सुरू केली. म्हातारा मोठा बेरकी. सरळ काही विचारायचं नाही, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि मध्येच म्हणायचं, "तुही बकरी आता व्याली असन, नाही?" पोरीची हनुवटी थरथरायची. मी झटकन तिच्या तोंडात चिवड्याचा बकाणा कोंबायची. तोंड भरलेलं असलं की माणसाला नीट रडता येत नाही, हा माझा जुना अनुभव. पुढच्या स्टेशनाला नायक सुस्कारा टाकत, "तुही याडी एकटीच भाकरी करत असन." याडी म्हणजे आई. पुन्हा चिवडा. मुंबई येईस्तोवर पोरीचं पोट बिघडायची वेळ आली आणि माझं डोकं आधीच बिघडलं होतं.

"नायक, तुम्ही मुंबई पाहायला आलात की तिला रडवायला?"

"आताच रडली त बरं," ते शांतपणे म्हणाले. "बोर्डिंगात रडली त मी तिकडं ऐकू कसा?"

मी आणखीच चिडले.

मुंबईत पोरगी रडली नाही. भावाच्या दोन खोल्यांत आम्ही कसेबसे मावत होतो. रात्री ती माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायची, पण डोळे कोरडे. सुट्टी सरत आली आणि मी मनातल्या मनात बोर्डिंगात नेण्याची तिची ट्रंक भरायला लागले. अशात भावानं बातमी आणली. महायुद्धात लढलेलं एक जुनं जहाज कामातून मोकळं करून धक्क्याला बांधलं होतं आणि लोकांना बघायला खुलं केलं होतं. पोट्ट्यांनी घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी भाऊ कचेरीत गेला आणि आम्ही जहाजावर.

काय ते जहाज! आमच्या कापसाच्या जिनिंगची इमारत पाण्यावर उभी केली तर जेवढी दिसेल, तेवढं. एक तरुण खलाशी आम्हाला दाखवायला होता. काचेच्या पेट्यांत जुने गणवेश, दुर्बिणी, झिजलेली पितळी घंटा. मोठा पोट्टा तोफेच्या तोंडात डोकं घालू बघत होता, त्याला मी कानाला धरून बाहेर काढलं. धाकट्याला एकच चिंता, एवढ्या माणसांची भाकर कोण थापते? खलाशानं स्वयंपाकाची जागा दाखवली. तिथली भांडी पाहून नायकसुद्धा म्हणाले, "याच्यात त आपला पुरा तांडा जेवन."

आत दार म्हणून जे होतं, त्याला गुडघ्याएवढा लोखंडी उंबरठा. आमच्याकडे उंबरठ्यावर पाय देत नाहीत, बसणं तर दूरच. नायकांनी पहिल्या दाराशी वाकून उंबरठ्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग पोरांनीही लावला. जहाजात अशी दारं किती असतील! प्रत्येक दाराशी आमची पूजा होईस्तोवर मागे ही रांग तुंबली. एक गृहस्थ इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा पुटपुटले नाहीत.

खाली जहाजाच्या पोटात भिंतीतून एक पितळी नळी निघाली होती. तोंडाशी कर्ण्यासारखी पसरट. खलाशी म्हणाला, कप्तान सगळ्यात वर उभा राहून यात बोलतो आणि खालच्यांना ऐकू येतं. पोरीचे डोळे चमकले. खलाशी वर निघाला तशी तीही त्याच्यामागे उभी शिडी सरसर चढून गेली, पण हे मला मागाहून कळलं. पोट्टे एका पेटीपाशी तलवारीवरून भांडत होते, मी त्यांना सोडवत होते. नायक झोपायच्या टांगत्या झोळ्या निरखत होते. त्यांनी मागं वळून पाहिलं तर नात नव्हती.

"पोरगी?"

"असेल इथंच."

ते दोन दारं ओलांडून पाहून आले. सगळ्या वाटा सारख्याच, सगळी दारं सारखीच. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. आणि मग त्या लोखंडी बोळात त्यांनी हाळी दिली.

फलाटावर हाळीला निदान मोकळं आभाळ तरी होतं. इथं ती भिंतींवर आपटून अशी घुमली की एका बाईच्या हातातली पिशवी पडली. वरून बूट धडधडत आले, दोघं खलाशी धावत येऊन "क्या हुआ, क्या हुआ" विचारू लागले. पोट्ट्यांनी शिरस्त्याप्रमाणे ओ दिली. मीही दिली, या वेळी न सांगता. तिची आली नाही.

नायक मटकन खाली बसले, उंबरठ्यावरच. नळीच्या तोंडाशीच. पुन्हा हाळी दिली, पण आवाज फाटला होता. आणि त्यांच्या कानाशी, भिंतीतून, पितळेतून आवाज आला.

"ओऽऽ! दादा, मी वर हाओ! इथून पुरा समुद्र दिसते!"

म्हाताऱ्यानं नळीला दोन्ही हातांनी धरलं आणि ते रडायला लागले. हुंदके देऊन, खांदे हलवत. एवढा उंचापुरा माणूस, अख्खा तांडा ज्याच्या शब्दावर चालतो, तो लहान मुलासारखा रडत होता. मी चिवड्याची पुडी पुढे केली. माझ्याजवळ तेवढंच होतं. माझेही डोळे भरून आले होते, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

पोरगी शिडीवरून घसरतच खाली आली. आजोबांकडे टक लावून पाहिलं. तिनं त्यांना असं कधी पाहिलं नसणार. आधी तिचा चेहरा वेडावाकडा झाला, मला वाटलं, संपलं सगळं, आता रडते. पण तिनं नाक ओढलं, पदर खोचल्यासारखा परकर खोचला आणि म्हणाली,

"दादा, तुमी रडले! मी नाही रडली! पाह्यलं ना बाई तुमी?"

"पाहिलं," मी म्हटलं.

पोट्टे फिदीफिदी हसले. खलाशांना काही कळलं नाही, पण तेही हसले. नायकांनी मुंडाशाच्या टोकानं तोंड पुसलं, उठले, नातीच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या तोंडून बोर्डिंगचा शब्द निघेना. मीही विचारलं नाही. मला भीती वाटत होती, हो.

धक्क्यावर उतरलो. पोरं पुढे पळत होती. नायक माझ्या बरोबरीनं चालत होते. मग त्यांनी घसा खाकरला.

"बाई, बोर्डिंगात पोरीले भेटाले केवा जाता येते?"

"दर रविवारी."

"बरं," ते म्हणाले. चार पावलं चालले. "अन् बुधवारी?"