पाय बदलणारं दुखणं

रत्नागिरीत कुत्र्यांची डॉक्टर होऊन बसलं की कपाटात औषधं कमी नि डोक्यात किस्से जास्त साठतात. त्यातही मोठ्या जातीची पिल्लं म्हणजे कहर! हाडं आतून सुजतात नि लंगडणं एका पायावर थांबतच नाही. आज हा, उद्या तो.

*

थेट हर्णेहून एक मासेवाली ताई आपला रॉटवायलर घेऊन आली. पुढचा डावा पाय. गोळ्या दिल्या. आठवड्यानं मागचा उजवा! ताई कडाडली, "बाई, दुखणं काढलंत कुठं? नुसतं सरकवलंत!"

*

हातखंब्याचा टायरवाला आपल्या जर्मन शेफर्डसमोर डोक्याला हात लावून बसला. "मॅडम, पंक्चरसुद्धा असं चाक बदलत नाही हो!"

*

इथपर्यंत ठीक. पण एक निवृत्त मास्तर म्हणाले, "आमचं पिल्लू रोज संध्याकाळी आईच्या रिकाम्या खुर्चीवर नेमका दुखरा पाय ठेवतं. आई सगळ्यांचे पाय चेपून द्यायची ना."

म्हटलं, "लळा असतो हो. आठवण येत असेल."

"आई जाऊन वर्षं झाली, बाई. पिल्लू आत्ता दिवाळीत आणलं!"

मी गोळ्या लिहायला घेतल्या.

*

आणि आमचे मधूभाऊ. आंब्याची बाग, घरात एकटे, सोबतीला ग्रेट डेनचं पिल्लू, भीम. भीम उठेना तेव्हा हा साठीचा माणूस माझ्यासमोर ढसाढसा रडला. "बाई, ह्याच्याशिवाय मला आहे कोण?"

गोळ्यांवर विश्वास नव्हताच. गेले गावच्या राखणदार देवाकडे. देवापुढं गाऱ्हाणं गुरवानं घालायचं, नि दुखणं वेशीबाहेर धाडायचं, ही रीत. पण गुरव परगावी गेलेला. मधूभाऊंनी घाईघाईत स्वतःच हात जोडले, "महाराजा, ह्याचं दुखणं काढ, मला दे!"

सकाळी भीम बागेत उधळला. मधूभाऊ लंगडत उठले. आधी डावा पाय, मग उजवा.

पंधरवड्यानं भीमला घेऊन आले. भीम ठणठणीत! मधूभाऊंनी स्वतःचा गुडघा चोळत विचारलं, "बाई, हे किती दिवस चालतं?"

मला हसूच आलं. "अहो, हा कुत्र्यांचा आजार. तोही फक्त वाढत्या हाडांचा. वाढ थांबली की आपोआप जातो. तुम्हाला ह्या वयात कुठनं होणार?"

मधूभाऊ हसले नाहीत. उभे राहिले नि खाली पायांकडे बघत म्हणाले,

"तेच विचारायला आलो, बाई. माझे सगळे लेंगे आखूड व्हायला लागलेत."