मे महिन्यातले द्राक्षमळे

आमच्या सहलीची एक वही आहे. दोनशे पानी, शाळेत मुलं वापरतात तसली. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वीसेक वर्षं त्या वहीत एकच सहल आखली. बरकतपुऱ्यातल्या घरून ऑटोने काचीगुडा स्टेशन, गाडीने मनमाड, तिथून नाशिक, मग नारायणगाव, सांगली आणि विजापूरवरून परत. सुरुवातीला नुसते द्राक्षमळे होते. पुढे तिकडे वाइन करणारे वाढले, मळ्यातच राहायची सोय झाली, तशी वहीत भर पडत गेली. आम्हा दोघांपैकी कोणी वाइनचा थेंबही कधी घेतलेला नाही. ‘एकेक घोट घेऊन बघू, माझ्या बहिणीला सांगू नकोस,’ असं हे दर वर्षी म्हणायचे.

शेजारच्या खालाजानना या बेताचं फार हसू यायचं. ‘इत्ते दूर अंगूर देखने जाते क्या जी? ठेलेवाला रोज गल्ली में आता,’ असं त्या म्हणायच्या, आणि वाइनच प्यायची असेल तर कोपऱ्यावर वाइन्सचं दुकान आहे, तिकडे बोट दाखवायच्या.

पण ह्यांना द्राक्षं खायची नव्हती, बघायची होती. सासरे शहराबाहेरच्या एका द्राक्षबागेचे राखणदार होते. मांडवाखाली उताणं पडायचं आणि वर लोंबणारे हिरवे घड बघत झोपी जायचं, हे ह्यांचं बालपण. ती बाग गेली, तिथे आता अपार्टमेंट आहेत. घडांनी भरलेल्या वेलीखाली उभं राहून एकदा वर बघायचं, एवढंच त्या वहीत होतं. बाकी सगळं गाड्यांचं वेळापत्रक.

आणि मी जांबागच्या एका शाळेत मराठीची बाई. शिक्षकांच्या घरात वर्षाला सुट्टीचा एकच महिना असतो, मे. त्यामुळे वहीत दर वर्षी मे लिहिलेला असायचा आणि दर वर्षी मे महिन्यात काही ना काही निघायचं: नणंदेच्या मुलीचं लग्न, सासूबाईंचं मोडलेलं हाड, माझे पेपर तपासणं. ‘रिटायर झाले की जाऊ,’ मी म्हणायचे. संक्रांतीलाही सुट्टी असायची म्हणा, पण ती मी दहावीच्या जादा तासांना दिली होती. आमच्या शाळेतली मुलं घरी तेलुगू बोलायची, गल्लीत दखनी, आणि मराठीचा धडा बोट ठेवून वाचायची. त्यांना सोडून कुठे जायचं? मला स्वतःचा फार अभिमान होता.

वहीतलं अक्षर मोठं होत गेलं तेव्हा मी ह्यांना चिडवलं होतं, पहिलीतल्या मुलासारखं लिहिता म्हणून. मग अंबरपेठच्या बाजारात हे एका उभ्या स्कूटरवर धडकले, आणि मी दवाखान्यात नेलं. काचबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची. ती टिकली नाही. दोन ऑपरेशनं झाली, तरी टिकली नाही.

या मार्चअखेर मी रिटायर झाले. निरोप समारंभाची शाल घडी घालून ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी नाशिकच्या मळ्याला फोन लावला. ह्यांना अजून समोरचं थोडं दिसत होतं, नळीतून बघावं तेवढं. मे महिन्यातले चार दिवस हवेत, म्हटलं, सवयीनेच.

पलीकडचा माणूस सज्जन होता. ‘या की ताई, पण मे मध्ये घड नसतात हो. काढणी झाली की एप्रिलात छाटणी होते. तुम्हाला नुसता कोवळा पाला दिसेल. द्राक्षं बघायची तर जानेवारी-फेब्रुवारीत या. वाइन काय, बारा महिने आहे.’

हे गॅलरीत बसले होते. मी जाऊन सांगितलं, ‘मे मध्ये द्राक्षं नसतात म्हणे.’

‘नसतातच,’ हे म्हणाले.

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘बागेत वाढलो मी.’

‘मग इतकी वर्षं मे का लिहीत होता?’

‘तुला सुट्टी तेव्हाच होती.’

मला संताप आला. एकदा तरी तोंड उघडायचं होतं, मी म्हटलं. तर हे शांतपणे म्हणाले, ‘उघडलं होतं. एका संक्रांतीला. तू म्हणालीस, द्राक्षं कुठे पळून जातायत का.’

मला हे वाक्य आठवत नाही. पण ते माझंच आहे, त्यातला सूरसुद्धा माझा आहे. ‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण मी हरेक वर्गाला अर्थासकट शिकवली, वाक्यात उपयोग करायला लावला. माझ्या घरात तिचा उपयोग असा व्हायचा होता.

आठवड्यापूर्वीच डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की थंडीपर्यंत उजेड-अंधार कळला तरी पुष्कळ. ह्यांना ते मी सांगितलेलं नाही.

‘मग जानेवारी?’ ह्यांनी विचारलं.

‘जानेवारी.’

‘लिहून ठेव. विसरशील.’

मी वही आणली. कोऱ्या पानावर जाड पेनाने लिहिलं, जानेवारी, नाशिक, पानभर मोठं, फळ्यावर लिहावं तसं. ह्यांच्यासमोर धरलं. हे गॅलरीच्या कठड्याकडे बघत होते, वही होती त्याच्या वीतभर डावीकडे.

‘अक्षर छान आहे तुझं,’ हे म्हणाले.