हेमीचा रिकामा पंधरवडा

सुजयचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात एका तरुण गायकाला समजावत होते, की दिवाळीच्या तोंडावर गाणं काढू नकोस, तेव्हा सगळेच काढतात, तुझं कोण ऐकणार. सुजय म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, हेमांगीचा, धाकटा भाऊ. "ताई, हेमी गेली," एवढंच तो म्हणाला. डेंग्यू झाला म्हणून ती हॉस्पिटलात होती. आदल्याच दिवशी मी तिला भेटून आले होते, प्लेटलेट वाढतायत असं सगळे सांगत होते... समोरच्या मुलाला मी म्हटलं, आज राहू दे, नंतर बोलू. मुलुंडच्या रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, मघाशी त्याला जे सांगत होते त्यातला शब्द न् शब्द हेमीचा होता.

आमची ओळख कॉलेजातली. ती लॅपटॉपवर नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत बनवायची, मी त्याची पोस्टर करायचे, आणि पुढे ते लोकांपर्यंत पोचवण्याचं कामही माझ्याकडे आलं. मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या दोन खोल्यांत भिंतीला जुनी गादी उभी करून तिनं स्टुडिओ थाटला होता. वडील आधी गिरणीत, मग कुरिअरच्या ऑफिसात, आणि आयुष्यभर भजनी मंडळात पखवाज वाजवणारे. लेक काय करते हे त्यांना फारसं कळत नव्हतं, पण ठेका चुकला तर लगेच बाहेरच्या खोलीतून हाक यायची.

आमचं पहिलं गाणं आम्ही गणपतीच्या आदल्या दिवशी काढलं. सणाचं वातावरण, लोक नाचणारच, असा हिशोब. पुरती वाट लागली. त्या आठवड्यात इतकी गाणी आली की आमच्याच मित्रांना आमचं सापडलं नाही. मी चिडून जाहिरातीला दोष देत बसले. हेमी मात्र शांतपणे उठली आणि नवरात्रात गरब्याला गाणी लावणाऱ्या डीजेंना भेटत सुटली... घाटकोपर, मालाड, बोरिवली. गाणी आवडतात का, हे तिनं एकालाही विचारलं नाही. नवीन गाणी कधी ऐकता, एवढंच विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच होतं. गणपती गेले की पितृपक्षात बुकिंग नसतं, तेव्हा घरी बसून नवरात्राची तयारी करतो.

ती परत आली ती ठरवूनच. पुढच्या वर्षी गाणं पितृपक्षात काढायचं. कोणी काढत नाही म्हणूनच काढायचं. तेव्हा ज्यांचे कान रिकामे असतात, तेच नंतर हजारो लोकांना नाचवतात. मला पटलं, पण काकू, म्हणजे तिची आई, ऐकून पोळपाट सोडून उठल्याच. मूळच्या मालवणकडच्या, रागावल्या की भाषा थेट गावी जायची. "पितरांच्या दिवसांत नवीन काम कोण काढता गो?" त्यातून मधल्या काळात काका, म्हणजे हेमीचे वडील, गेले होते, आणि घरात त्यांचा तो पहिलाच पितृपक्ष असणार होता. मी हेमीला खुणेनं थांब म्हटलं. ती थांबली नाही. कॉलेजात असताना तिनं वडिलांचा पखवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवला होता आणि या गाण्याचा सगळा ठेका त्याच्यावर उभा होता, हे मलाही तेव्हाच कळलं.

"आई, यात बाबांचा हात आहे," ती म्हणाली. "त्यांच्या दिवसांत नाही काढायचं, तर कधी काढायचं?"

काकू पुन्हा पोळ्या लाटायला बसल्या, आणि तीच परवानगी होती. यात हेमीचा धंद्याचा हिशोब किती आणि वडिलांची आठवण किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. बहुतेक तिलाही येत नसावं, आणि तिला त्याची गरजही वाटत नव्हती.

मग आम्ही त्या गाण्याची दोन रूपं केली. एक नेहमीचं, एक फक्त ठेक्याचं, म्हणजे डीजेला दुसऱ्या गाण्यात सहज मिसळता यावं. जाहिरात केलीच नाही. हेमी स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन घरोघर गेली, चहा प्यायली, गाणं कुठून सुरू केलं तर गर्दी उठेल ते दाखवून आली. नवरात्रात एका संध्याकाळी बोरिवलीच्या मैदानाबाहेर आम्ही दोघी भुट्टा खात उभ्या होतो आणि आत काकांचा पखवाज सुरू झाला. आख्खं मैदान त्यावर फिरत होतं. मी रडले. हेमी कणीस पुरं संपवून म्हणाली, आवाजातला बेस जरा जास्त झालाय, पुढच्या वेळी कमी करू.

त्यानंतर आमचं नीट बस्तान बसलं. मोठे लोक तिला विचारायला यायचे, गाणं कधी काढू. ती बेधडक सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

ती गेल्यावर आठवडाही झाला नव्हता, तोच गाणी वितरित करणाऱ्या एका कंपनीतून फोन आला. तिचं शेवटचं गाणं असेल तर आत्ताच काढा, लोक तिचं नाव शोधतायत. मला संताप आला, आणि त्याहून जास्त त्रास याचा झाला की माणूस चुकीचं बोलत नव्हता. वेळ खरंच तीच होती. मी काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी सरळ विचारलं, "गाणां पुरां झालां काय?" नव्हतं झालं. शेवटचा भाग तिनं बांधायचा ठेवला होता. काकू म्हणाल्या, "मग अर्धवट शिजलेलां ताटात कोण वाढता?"

मी त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. हेमीनं काय केलं असतं याचा मी पुष्कळ विचार केला. पण गाणं काढायचा दिवस ती ते संपल्यावरच ठरवायची, त्याआधी कधीच नाही, आणि तेवढं मला पुरे झालं.

परवा मुलुंडला गेले होते. तयार झालेलं गाणं हेमी नेहमी स्वयंपाकघरात फ्रिजवर फोन ठेवून एकदा वाजवायची. कुकर आणि मिक्सरच्या आवाजातही पोचलं, तर पास. आता तो फोन काकूंकडे आहे. मी गेले तेव्हा फ्रिजवर तेच अपुरं गाणं चालू होतं आणि त्या भाजी चिरत होत्या. एका जागी ते मध्येच थांबलं. काकूंचा विळीवरचा हातही थांबला. मग त्यांनी हात पुसले, गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि गॅस पेटवला.