ब्रेकताईंची तक्रार

ब्रेकताई हे नाव त्यांना एका जाहिरातीनं चिकटवलं. बाविसाव्या वर्षी हौसेनं त्यांनी गाडीच्या जाहिरातीत काम केलं. बायको गाडी मागे घेते, धाडकन भिंतीवर आपटते आणि नवरा कपाळावर हात मारतो. खरं तर ताईंचा गाडीवर हात बसलेला. मुद्दाम वाईट चालवायला अकरा वेळा शूटिंग करावं लागलं! पुढे त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं, तर येणारेजाणारे दारातून ओरडत, "ताई, भिंत कुठाय?" जाऊबाईंनी तर मुलाला त्यांच्या गाडीत कधी बसू दिलं नाही.

पंचवीस वर्षांनी त्याच जाहिरातवाल्यानं तीच जाहिरात नव्या नटीला घेऊन पुन्हा काढली. तोवर नियम झाला होता, जाहिरातीत बाई-पुरुषांना ठरीव साच्यात बसवून हिणवायचं नाही. ताईंनी जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाकडे तक्रार ठोकली.

"जाऊ दे ना आता," नवरा म्हणाला.

"तुम्हाला कुणी भिंत विचारली नाही. त्या जाहिरातवाल्याला नाक घासायला लावते."

सुनावणीला तिघं जण होते. अध्यक्षबाई ताईंच्याच हाताखाली गाडी शिकलेल्या. जाहिरात दाखवली आणि त्याच खुदकन हसल्या!

"सॉरी ताई, मला नाही यात अपमान वाटला. हिणवलं की गंमत केली, हे मोजायचं कशानं?"

ताईंच्या अंगाची लाही लाही झाली. वकील सदस्य म्हणाले, "मला खटकलं. का ते मात्र नेमकं सांगता येत नाही."

राहिले निवृत्त मास्तर. ते म्हणाले, "माझी मुलगी गाडी शिकायचं नाव काढत नाही. म्हणते, लोक हसतात. बंद करा."

दोन विरुद्ध एक. जाहिरात बंद!

जिन्यात जाहिरातवाल्यानं गाठलं. "मास्तरांना मुलगी नसती, तर मी जिंकलो असतो. हा काय न्याय झाला?"

"नसेल," ताई म्हणाल्या. "माझ्यावर हसायचं ठरलं, तेव्हा तरी कुठे सुनावणी झाली होती?"

तो चडफडत उतरला. ताई कठड्याला टेकून त्याचं टक्कल दिसेनासं होईपर्यंत डोळे भरून बघत राहिल्या.

पुढे आठवडाभर त्या संध्याकाळी मुद्दाम टीव्हीसमोर बसत. त्या जागी आता साबणाची जाहिरात लागे. ती भिकार होती. ताईंनी ती रोज शेवटपर्यंत पाहिली, चवीचवीनं.