खुंटीवरचा कोट

माझे मामेसासरे एकाच देहात दोन डॉक्टर बाळगून होते आणि त्या दोघांचं आपसात बोलणं नव्हतं. पार्ल्यात राहत्या घरीच त्यांचा दवाखाना. लोक त्यांना वेड्यांचे डॉक्टर म्हणत. बरं व्हायला कुणी आलं की मामा सदरा-लेंग्यात झोपाळ्यावर बसून अरे-तुरे करत आणि आतून मामी चहा पाठवत. पण कोर्टाने तपासायला धाडलेला माणूस आला की हेच गृहस्थ जाडजूड राखी कोट चढवून टेबलामागे ताठ बसत आणि पहिल्या वाक्यालाच बजावत, "मी आज तुमचा डॉक्टर नाही. तुम्ही बोलाल ते न्यायाधीशांच्या कानावर जाईल." चहा नाही. शाळेत एका बाकावर बसलेला मित्र असा आला, तर त्यालाही "आपलं शुभनाव?" विचारलं! मामींसाठी खूण ठरलेली होती: कोट खुंटीवर असला तर चहा टाकायचा, अंगावर असला तर नाही. अशा या सोवळ्याचे सहा-सहा पानी अहवाल मी ऑफिस सुटल्यावर येऊन टाइप करत असे. जावयाचा मान म्हणतात तो हा!

एका मे महिन्यात वेसाव्याची एक कोळीण आली. नवरा समुद्रावर गेला तो परतलाच नव्हता, आणि दिराने कोर्टात अर्ज केला होता की वहिनीचं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा घर आणि होडीतला वाटा माझ्या ताब्यात द्या. सगळं मामांच्या अहवालावर अडलेलं. मामांनी ताकीद दिल्यावर बाईने तोंडच मिटलं. अर्धा तास नुसतं हो आणि नाय. कोटात मामा उकडून निघाले, शेवटी त्यांनी तो काढून खुंटीला अडकवला. मामींनी दारातून खुंटी पाहिली आणि चहा आला. कप हातात पडताच हा भला माणूस सवयीने उठून झोपाळ्यावर बसला आणि विचारता झाला, "झोप लागते का गं तुला?"

झालं! बाईला रडू फुटलं. रोज पहाटे नवरा दाराशी येऊन जाळी सुकली का विचारतो आणि आपण उठून त्याला उत्तर देतो, असं तिने सगळं सांगून टाकलं. दिराला याहून काय हवं होतं? ती गेल्यावर मी कोपऱ्यातल्या माझ्या टाइपरायटरवर कागद चढवला, तर मामा म्हणाले, "हे टाइप करायचं नाही. तिने हे कोर्टाला सांगितलेलं नाही, मला सांगितलंय. चहा पिऊन."

मी वैतागलो. पण मामा खरोखरच कोर्टात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, तपासणीत माझ्याकडून चहा दिला गेला, दुसरा डॉक्टर नेमा. वकील मंडळी खो-खो हसली. दिराच्या वकिलाने विचारलंच, बाई चहा पिताना काय बोलली? "ते तुम्हाला सांगायचं असतं तर मी चहा दिला नसता," मामा म्हणाले. पुढे महिनाभर सगळ्या कोर्टात त्यांचं नाव चहावाले डॉक्टर.

दुसऱ्या डॉक्टरांनी तिला दहा मिनिटांत वार, महिना आणि बेरीज विचारली. त्यांनी चहा दिला नाही, तिने नवऱ्याचं नाव काढलं नाही. बाई शहाणी, असं दोन ओळींत लिहून मोकळे! घर तिचं राहिलं. आम्ही खूश, आणि मामा फुगून बसलेले: "आवाज ऐकणं निराळं, घर सांभाळता न येणं निराळं. हे नीट तपासायला नको?" त्यासाठी कोर्टाला त्यांची सहा पानं वाचावी लागली असती, हे कोण सांगणार त्यांना? बाई मात्र त्यानंतर महिन्याच्या महिन्याला झोपाळ्याशी येऊन बसू लागली, माशांची पाटी मामींच्या धाकाने फाटकाबाहेर ठेवून.

मामा गेल्यावर ती भेटायला आली. कोट खुंटीवरच होता. मामींनी चहा टाकला. रिकाम्या झोपाळ्यापाशी जमिनीवर बसून बाई म्हणाली, "आता पहाटे नवरा येत नाय. डॉक्टर येतात. झोप लागली का, विचारतात."

"मग तू काय सांगतेस?" मामींनी विचारलं.

"लागली म्हणून सांगते."

मामींनी पदर डोळ्यांना लावला. जन्मभर मी त्या माणसाची टिंगल केली, पण त्या घटकेला मला त्या बाईचा हेवा वाटला.